रद्दीतून निघालेले हसू

श्रोतेहो, इतिहास या नावाखाली व्याख्यानमालांतून तुम्ही आजवर लढाया ऐकल्या असतील, तह ऐकले असतील, राजांची आणि संतांची चरित्रे ऐकली असतील. मी आज रद्दीचा इतिहास सांगणार आहे. सगळ्या रद्दीचा सांगायला बसलो तर पुढचा वसंत उजाडेल. म्हणून रद्दीतल्या चित्रांपुरताच. त्यातही अशा चित्रांपुरता, की जी कुणीतरी कात्रीने कापली, खळ लावून दुसऱ्या कागदावर चिकटवली, बाजूला चार शब्द लिहिले आणि त्यावर लोक पोट धरून हसले. हा पोरखेळ झाला, असे कुणी म्हणेल. आहेच तो पोरखेळ. पण एक पोरखेळ शंभराहून अधिक वर्षे जाणती माणसे खेळत आली आहेत आणि त्याचे धागे आपल्या माजघरातल्या भिंतीपर्यंत, फार काय आपल्या या रत्नागिरीच्या टेकडीवरल्या राजवाड्यापर्यंत येऊन पोचतात; तेव्हा तासभर त्याच्याकडे पाहायला हरकत नसावी.

प्रथम ही वस्तू कशी असते ते सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी डेव्हिड मल्की नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी २००३ साली 'वंडरमार्क' नावाची विनोदी चित्रपट्टी सुरू केली. तिच्यातली चित्रे ते काढीत नाहीत. एकोणिसाव्या शतकातली जुनी मासिके आणि पुस्तके जमवायची, त्यांतली कोरीव चित्रे यंत्राने उतरवून घ्यायची, एका चित्रातला माणूस उचलून दुसऱ्या चित्रातल्या दिवाणखान्यात नेऊन बसवायचा आणि त्याच्या तोंडी आजच्या माणसाचे बोलणे घालायचे, एवढाच त्यांचा उद्योग. सप्टेंबर २०१४ मधली त्यांची एक पट्टी फार गाजली. जुन्या विलायती पोशाखातले एक जोडपे आहे. बाईसाहेब सहज म्हणतात की, समुद्रातले बाकीचे प्राणी एक वेळ चालतील, पण तो समुद्रसिंह काही मला खपत नाही. इतक्यात तिथे एक समुद्रसिंह उपस्थित! तो रागावत नाही, ओरडत नाही. अत्यंत अदबीने विचारतो की, आपल्या या मताला आधार काय? जोडपे घरी येते, तो मागोमाग घरी येतो. जोडपे निजायला जाते, तो पलंगापाशी हजर. सकाळी न्याहारीच्या मेजावरही तोच, आणि तोच प्रश्न, त्याच अदबीने. सभ्यपणाचा बुरखा पांघरून माणसाचा पिच्छा पुरवणाऱ्या आणि पुरावे मागून मागून जीव नकोसा करणाऱ्या वादपटूंना इंग्रजीत त्या दिवसापासून एक नवे क्रियापदच मिळाले. 'सी-लायनिंग' म्हणतात त्याला. असे समुद्रसिंह आपल्याकडेही प्रत्येक आळीत निदान एक तरी असतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता प्रश्न असा की, हीच गंमत मल्की यांनी स्वतः चित्रे काढून सांगितली असती तर ती इतकी रुचली असती काय? मला वाटते, नसती. व्यंगचित्रकाराच्या रेषेतच हसू असते. माणसाचे नाक लांब काढले की वाचक आधीच हसण्याच्या तयारीत बसतो. इथे उलटे आहे. ही चित्रे ज्यांनी कोरली त्यांच्या मनात विनोदाचा लवलेशही नव्हता. चित्रातल्या बाई गंभीर, समुद्रसिंह प्राणिशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखा यथातथ्य, खोलीतले पडदे जिथल्या तिथे. आपल्याला कुणी हसते आहे याची त्या चित्राला गंधवार्ताही नाही. कीर्तनात बुवा गंभीरपणे निरूपण करीत असावेत आणि मागे कुणी पोराने त्यांच्या उपरण्याला पतंगाची शेपटी बांधलेली असावी, तशातला हा प्रकार. हसू येते ते बुवांच्या गांभीर्यामुळे. शेपटीचे काम निमित्तापुरते.

हे गांभीर्य आले कुठून, हे समजायला ती चित्रे कशी बनत ते थोडे पाहिले पाहिजे. १८४२ साली लंडनला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक निघाले आणि त्याच्या मागोमाग युरोप-अमेरिकेत अशा पत्रांचा सुळसुळाट झाला. छायाचित्र त्या काळी जन्मले होते, पण ते अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापण्याची युक्ती अजून सापडली नव्हती. म्हणून प्रत्येक चित्र लाकडावर उलटे कोरावे लागे. त्यासाठी बॉक्सवुड नावाचे अतिशय घट्ट लाकूड वापरीत, आणि ते फळीसारखे उभे न चिरता आडवे कापून त्याच्या तोंडावर कोरीत. हे झाड बारीक खोडाचे. त्यामुळे मोठे चित्र हवे तर अनेक लहान ठोकळे मागून मळसूत्राने आवळून एक करीत. चित्रकाराने वर चित्र काढले की ठोकळे पुन्हा सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत. एकाकडे राणीचा चेहरा, दुसऱ्याकडे घोड्याचे पाय, तिसऱ्याकडे नुसते आभाळ. सगळ्यांनी आपापला तुकडा कोरून आणला की पुन्हा ठोकळे जुळवायचे आणि चित्र छापायला घ्यायचे. जोडावरच्या रेषा मागाहून एक हुशार कोरक्या मिळवून घेई.

यातली मेख तुमच्या ध्यानात आली असेल. दहा हातांनी कोरलेले चित्र एका हाताचे दिसले पाहिजे, म्हणून त्या धंद्यात प्रत्येकाने आपली लकब पुसून टाकायची असा दंडकच होता. सावली हवी तर अशाच समांतर रेषा, कापडाची घडी हवी तर अशाच वाकलेल्या रेषा. म्हणजे कात्रीवाला येण्याच्या कितीतरी आधीपासून ही चित्रे तुकड्यातुकड्यांचीच होती. शिवाय सगळी काळ्या शाईची, रंग नाही, करडी छटा नाही. जे दिसते ते रेषांचेच. त्यामुळे पन्नास वर्षांनी कुणी एका मासिकातला हत्ती दुसऱ्या मासिकातल्या स्नानगृहात चिकटवला, तरी सांधा दिसत नाही. छायाचित्रांचे तसे नसते. एकात ऊन डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. जोड लगेच ओरडून सांगतो की मी जोड आहे. म्हणून या कलेला जुने लाकडी ठसेच मानवले.

१८८० नंतर हाफटोन ब्लॉक आला. छायाचित्राचे बारीक ठिपके करून ते धातूच्या पत्र्यावर उतरवण्याची ही रीत शतक संपेपर्यंत सगळीकडे रुळली आणि लाकूड कोरणाऱ्यांचा सगळा धंदा एका पिढीत बसला. त्यांनी कोरलेली लक्षावधी चित्रे मात्र खंडाखंडांतून बांधलेली, कपाटांतून पडलेली राहिली. बातमी शिळी झाली होती, जाहिरातीतला माल बाजारातून गेला होता, कपड्यांची फॅशन हास्यास्पद वाटू लागली होती. थोडक्यात, त्या चित्रांची रद्दी झाली. आणि माझे म्हणणे एवढेच आहे की, ही रद्दी झाली म्हणूनच तो विनोद शक्य झाला. ज्या चित्राचे काम अजून चालू आहे त्याला कात्री लावता येत नाही. लावली तर हसू येत नाही, राग येतो.

पहिली कात्री फार लवकर चालली. १९११ साली ई. व्ही. ल्यूकस आणि जॉर्ज मॉरो या दोघा इंग्रज विनोदकारांनी 'व्हॉट अ लाइफ!' नावाचे एक छोटे आत्मचरित्र छापले. आत्मचरित्र कुणाचे? कुणाचेच नाही. लंडनात व्हाइटली यांचे एक प्रचंड दुकान होते. सुईपासून सगळे काही मिळे. त्या दुकानाचा हजारो चित्रांचा सूचीग्रंथ होता. या दोघांनी त्यातली चित्रे कापली आणि त्यांच्याभोवती एका थोर पुरुषाचे आयुष्य रचले. शर्टाच्या जाहिरातीतले गृहस्थ झाले नातेवाईक, झग्यांच्या जाहिरातीतल्या स्त्रिया झाल्या खानदानी बाया, आणि दुकानातल्या किरकोळ वस्तू चरित्रनायकाच्या आयुष्यातली महत्त्वाची साधने. माणसाचे सगळे आयुष्य एका दुकानाच्या यादीतून उभे राहते, यातली चपराक इंग्रज वाचकाला बरोबर लागली असणार. माझ्या मते या प्रकाराची मूळ प्रत हीच, आणि गोडवाही हिच्यातच अधिक आहे.

पुढे हे बाड माक्स एर्न्स्ट या जर्मन चित्रकाराच्या हाती पडले. तो सांगतो की, १९१९ साली ऱ्हाइनकाठच्या एका गावी पावसाळी दिवशी शालेय उपकरणांच्या सचित्र सूचीची पाने चाळताना, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली ती चित्रे पाहून आपले डोके भणाणून गेले. महायुद्धातून नुकत्याच परतलेल्या माणसाचे डोके तसेही भणाणलेलेच असणार. १९२९ साली त्याने अशा चिकटचित्रांची एक कादंबरी केली, १९३० साली दुसरी, आणि १९३४ साली पॅरिसमध्ये 'यून सेमेन द बोंते', म्हणजे 'सद्वर्तनाचा आठवडा', ही तिसरी. तिच्यात १८२ चित्रे आहेत. जुन्या फ्रेंच सवंग कादंबऱ्यांतली चित्रे घेऊन त्याने माणसांच्या धडावर सिंहाची, पक्ष्याची डोकी बसवली, दिवाणखान्यात पूर आणला. ही चित्रे पाहून हसूही येते आणि त्याच क्षणी अंगावर काटाही येतो. मला तो काटा जरा जास्त वाटतो. पण ती माझी आवड झाली. १९६९ पासून बीबीसीवर 'मॉन्टी पायथन' नावाचा विनोदी कार्यक्रम होई, त्यात टेरी गिलियम याने हीच कात्रणे हलती केली. वरून धाडकन येऊन सर्वांना चिरडणारा एक मोठा पाय त्यात असे. तो त्याने सोळाव्या शतकातल्या ब्रोंझिनो या इटालियन चित्रकाराच्या चित्रातल्या मदनाचा उचललेला आहे. मदनाच्या पायाची ही गत! (निर्जीव वस्तू हलवून हसवण्याची हौस आपल्याकडेही जुनी. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाचा चिमुकला चित्रपट केला होता. तो आज उपलब्ध नाही, ही हळहळण्याची गोष्ट आहे.)

फाळक्यांचे नाव निघाले तेव्हा आपण परदेशातून घरी येऊ. कारण सिनेमाकडे वळण्यापूर्वी फाळके ज्या छापखान्यात काम करीत होते, त्याच छापखान्याने आपल्या घराघरांतल्या भिंती चित्रांनी भरल्या. राजा रविवर्मा हा मूळचा त्रावणकोरचा. पण त्याचा छापखाना निघाला आपल्या मुंबईत, १८९४ साली. 'तुमची चित्रे युरोपात पाठवून छापून घ्या म्हणजे ती सर्वांच्या घरी जातील', असा सल्ला त्याला बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यापूर्वी दहा वर्षे दिला होता. रविवर्म्याने त्यापुढे जाऊन यंत्रे आणि कारागीरच जर्मनीहून आणले. १८९९ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, छापखाना मुंबईतून हलून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि १९७२ साली लागलेल्या आगीत त्याचे फार मोठे नुकसान झाले. छपाई शिळेवरची. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि एकेका चित्राला अशा अनेक शिळा. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, शकुंतला, दमयंती. ही मंडळी राजवाड्यांतून निघाली ती शिळेवरून उतरून थेट आपल्या ओटीवर आली.

कोकणात ती कशी आली हे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल किंवा त्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. मुंबईचा चाकरमानी गणपतीला नाहीतर शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे, त्याच्या ट्रंकेबरोबर कागदाची एक गुंडाळी असे आणि ती चुरगळू नये म्हणून तो सगळी रात्र ती मांडीवर घेऊन बसे. चित्राला चौकट झाली की ते ओटीवर तुळईखाली, जरा पुढे कललेले असे टांगायचे. पुढे साबणवाल्यांनी, बाळघुटीवाल्यांनी, काडेपेटीवाल्यांनी तीच चित्रे आपल्या मालावर आणि दिनदर्शिकांवर छापली. म्हणजे विलायती ठशांचे जे झाले तेच इथेही झाले: चित्र बाजारात आले, जाहिरातीत आले, स्वस्त झाले, जुने झाले. तिथे त्याची रद्दी झाली. इथे झाली नाही.

का झाली नाही, याचे उत्तर आपल्या आज्या देऊन गेल्या आहेत. वर्ष संपले तरी देवाचे चित्र असलेले कॅलेंडर फेकायचे नाही. तारखांचा गठ्ठा फाडून टाकायचा आणि लक्ष्मी ठेवून घ्यायची. चित्र अगदीच विटले, वाळवीने खाल्ले, तर ते रद्दीवाल्याच्या तागडीत घालायचे नाही. पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवायचे नाहीतर वाहत्या पाण्यात सोडायचे. मी लहानपणी एकदा अशा चित्रातला मोर कापून वहीवर चिकटवला होता. आजीने मला मारले नाही. तिने उरलेली मोर नसलेली सरस्वती उचलून देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्या कोनाड्याकडे पाहण्याचे धैर्य मला पुष्कळ दिवस झाले नाही. मला वाटते, कलेच्या इतिहासातला एक मोठा भेद मी त्या दिवशी शिकलो. तो समजायला मात्र फार वर्षे लागली.

याचा अर्थ आपल्याकडे कापणे-चिकटवणे नव्हते असा नाही. उलट फार होते. पण ते भक्तीचे होते. रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला घरच्या बायकांनी खऱ्या कापडाचे लुगडे चिकटवले, जरीची किनार लावली, टिकल्यांचे दागिने घातले; अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. राजस्थानात नाथद्वाराला यात्रेकरू आपले छायाचित्र काढून घेत, चेहरा कापून चित्रकाराला देत आणि चित्रकार तो श्रीनाथजींपुढे हात जोडून उभ्या असलेल्या रंगवलेल्या देहावर चिकटवून देई. एर्न्स्टने माणसाच्या धडावर सिंहाचे डोके बसवले ते पाहणाऱ्याला दचकवायला. नाथद्वाराच्या चित्रकाराने धडावर माणसाचे डोके बसवले ते त्या माणसाला देवापाशी पोचवायला. कात्री तीच, खळही तीच.

मराठी माणसाने कात्रीचा विनोद केला तो निराळ्याच वाटेने. १९५१ साली मधुकर पाटकरांनी 'आवाज' हा दिवाळी अंक सुरू केला आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी घरोघरी गोंधळ उडवला. पानाला एक खिडकी कापलेली. तिच्यातून मागल्या चित्राचा जेवढा तुकडा दिसे तेवढा पाहून सभ्य माणूस इकडेतिकडे बघे आणि हळूच पान उलटी. उलटल्यावर दिसे की प्रकार अगदी सोज्ज्वळ आहे आणि पाप असलेच तर ते पाहणाऱ्याच्या मनात आहे! काहीजण म्हणतील की ही चित्रे मुद्दाम काढलेली, जुनी नव्हेत. तेव्हा त्यांचा इथे काय संबंध? संबंध असा की, दोन्हीकडे चित्र बदलत नाही, त्याचा शेजार बदलतो. मल्की शेजार बदलतात चिकटवून, 'आवाज'ने बदलला झाकून. आणि आपल्या अंकाला पूज्य चित्राला हात लावण्याची गरजच पडली नाही. सोवळे मोडल्याचा भास तेवढा झाला, सोवळे जागच्या जागी राहिले. ही युक्ती खास आपली आहे. तिला मी कमी लेखीत नाही. तथापि तिच्यात एक भित्रेपणाही आहे, हेही कबूल केले पाहिजे.

तो भित्रेपणा अलीकडे मोडला. २०१४ साली बंगळूरच्या चित्रपटकार आरती पार्थसारथी यांनी 'रॉयल एक्झिस्टेन्शियल्स' नावाची चित्रपट्टी सुरू केली. मल्की यांच्या पट्टीवरून आपल्याला ती सुचली हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. लाकडी ठशांऐवजी त्यांनी घेतली मोगल आणि राजपूत लघुचित्रे. बादशहा, बेगमा, दासी, दरबारी; सगळे एका बाजूने पाहणारे, हातात फूल धरलेले, आणि बोलतात ते आजच्या शहरातल्या सुशिक्षित माणसांसारखे: नोकरीचा कंटाळा, लग्नाचा आग्रह, बाईने काय बोलावे आणि काय बोलू नये याच्या शहाणपणाच्या गोष्टी. लघुचित्रे या कामाला योग्य ठरली याचे कारणही तेच. ती मुळात राजाच्या मांडीवरच्या पोथीत होती, नंतर संग्रहालयाच्या काचेत गेली. आपल्या ओटीवर ती कधी आलीच नाहीत. त्यांच्यापुढे कुणी उदबत्ती लावली नाही. म्हणून त्यातला बादशहा काहीही बोलला तरी कुणाची आजी अबोला धरीत नाही.

रविवर्म्याला हात घालायला अधिक धीर लागला. राजेश राजामणी यांनी 'इनेडिबल इंडिया' या नावाने जी चित्रे केली, त्यांत रविवर्म्याच्या स्त्रिया आणि पुरुष आपसांत गप्पा मारतात, आणि त्या गप्पांतून आपल्या उच्चवर्णीय समाजाची आत्मसंतुष्टता उघडी पडते. मी जन्मदत्त जात मानीत नाही, असे उंची साडी नेसलेली बाई उंची महालात बसून म्हणते तेव्हा नुसत्या वाक्याने जे होणार नाही ते त्या महालाने होते. रविवर्म्याने आपल्या देवता आणि नायिका कोणत्या घरातल्या, कोणत्या वर्णाच्या, कोणत्या वस्त्रांतल्या रंगवल्या, आणि शंभर वर्षे आपण सगळ्यांनी सौंदर्य म्हणजे तेच असे का धरून चाललो, हा प्रश्न मोठमोठ्या टीकालेखांनी विचारला आहे. पण तो ओटीवरच्या चित्राला स्वतःच्याच तोंडाने विचारायला लावणे हे कात्रीलाच जमले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हा थोर कलावंताचा अपमान नव्हे काय? कायद्यापुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. १९५७ च्या आपल्या कायद्याने कलावंताच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत असे, १९९२ च्या दुरुस्तीने ती मुदत ६० वर्षांची झाली. रविवर्मा १९०६ साली वारला. कसेही मोजा, चित्रे सर्वांची झालेली आहेत. पण आक्षेप घेणारा कायद्याचे बोलत नसतो, तो माझ्या आजीचे बोलत असतो, आणि त्याला कलमे दाखवून गप्प करणे मला बरे वाटत नाही. मी एवढेच सुचवीन की, त्या चित्रांतही फरक आहे. विरहात बसलेली दमयंती भिंतीवर होती ती शोभेसाठी; लक्ष्मी होती ती पूजेसाठी. दमयंतीची आज पुष्कळ घरांत रद्दी झालेली आहे, लक्ष्मीची नाही. कात्री धरणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा. ठाऊक असूनही त्याने लक्ष्मीला हात घातला, तर ती त्याची जोखीम. त्याने निदान ती चुकून घेऊ नये. खुद्द कागदाबद्दल मात्र मी आजीच्याच बाजूचा आहे. जुने बांधीव खंड फोडून त्यांतली पाने सुटी विकण्याचा धंदा विलायतेत फार वर्षे चालला आणि त्यात कित्येक दुर्मिळ खंड नाहीसे झाले. आता यंत्राने चित्र उतरवून घेता येते, मूळ पानाला ओरखडाही काढावा लागत नाही. १८२८ सालापासून वाचनालय असलेल्या या गावात याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि आता टेकडीवरचा राजवाडा.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा याला बोटीवर चढवले. आधी मद्रास, मग १८८६ साली रत्नागिरी. १९१६ साली तो इथेच वारला, इथेच त्याची समाधी आहे. त्याच्या मुलुखातल्या मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे आपल्या गावी जन्मलेले लोकमान्य होते, हा योगायोग आपण सारे जाणतोच. त्या ब्रह्मी युद्धाच्या बातम्या विलायती सचित्र साप्ताहिकांनी कोरीव चित्रांसह छापल्या. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने तर आपला युद्धचित्रकार मेल्टन प्रायर तिकडे पाठवला होता. विनोदी म्हणवणाऱ्या 'पंच'ने राजाला गादीवरून काढण्यापूर्वीच, ऑक्टोबर १८८५ मध्ये, बेडूक करून छापले आणि त्याला लाथ मारणारा इंग्रज शिपाई दाखवला. मी मघापासून ज्या चित्रांना रद्दी म्हणतो आहे, त्याच बाडात ही पानेही आहेत. लंडनच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कात्रीवाल्याला त्यातला तो मुकुट घातलेला पौर्वात्य माणूस म्हणजे एक छान जुना पुतळा. त्याला तो स्नानगृहात बसवील, त्याच्या तोंडी दातदुखीची तक्रार घालील. त्याचा वाईट हेतूही असणार नाही. त्याच्या लेखी ते चित्र कधीच मेले आहे.

आपल्या लेखी ते मेलेले नाही. या गावातल्या माणसांनी त्या राजाला गाडीतून जाताना पाहिले, त्याच्याकडे नोकरी केली, त्याचे कर्ज आणि त्याचे रत्नांचे सौदे यांच्या कथा सांगितल्या. त्याची थोरली मुलगी इथल्याच माणसाशी संसार करून इथलीच होऊन गेली. २०१२ साली ब्रह्मदेशचे अध्यक्ष थेन सेन एवढ्या लांबून इथे येऊन समाधीपुढे उभे राहिले. तेव्हा 'पंच'च्या त्या बेडकाला हसायचे म्हटले तर रत्नागिरीकराच्या घशात ते हसू अडकते. अडकावेच.

मग कात्री खाली ठेवायची काय? मला तसे वाटत नाही. त्या काळच्या कोरीव युद्धचित्रांत पराभूत राजाच एकटा नसतो. भोवती गोरे अधिकारी असतात, ताठ मानेचे, मिशांना पीळ दिलेले, आपण जगाचे कल्याण करीत आहो अशा मुद्रेचे. ज्या कोरक्याने त्यांच्या कोटाची बटणे एकेक करून कोरली, त्यालाही त्या मुद्रेत हसण्याजोगे काही दिसले नाही. ते साम्राज्य गेले, त्या मुद्रेचे काम संपले. गावातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने उद्या संगणकावर त्यातला एखादा अधिकारी अलगद कापून आपल्या मिऱ्या बंदरावर आणून उभा करावा. वेळ आषाढातली, समोर खवळलेला समुद्र, बोटी बंद, अंगावर तोच जाड लोकरी कोट आणि डोक्यावर शिरस्त्राण. शेजारी आपला एखादा खारवी जाळे विणीत बसलेला. फुग्यातले वाक्य मी सुचवतो, पसंत पडले नाही तर बदलावे:

"काय हो, परतीची बोट कधी?"

आणि खारव्याने मान वर न करता म्हणावे, "नारळी पुनवेनंतर, सायबा. तोवर बस."